डॉक्टरांच्या जीपचा आवाज

दुपारचे साडेतीन वाजलेत. राजमतीबाई चटईवर आडव्या झाल्यात, पण डोळा लागेल अशी आशा त्यांना नाही. तीन दिवस झोपेचं आणि त्यांचं जमत नाही. जेवणाशी तर त्याहून बिनसलंय. डोक्यात एकच घोळ चालू आहे: हाफ इंजिन की फुल इंजिन? दिवस मावळायच्या आत इलाही मिस्त्रीला फोन करून सांगायचं आहे, कारण उद्या सकाळीच त्याचा टेम्पो सुटे भाग आणायला कोल्हापूरला जातो.

जीप डॉक्टरांची. डॉक्टर म्हणजे बाईंचे यजमान जयपाल चौगुले, गुरांचे डॉक्टर. जयसिंगपूरच्या आसपासची पंधरा-वीस गावं त्यांनी तीस वर्षं याच जीपमधून पालथी घातली, अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या, बैलांना सुया टोचल्या. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि तासाभरात गेले.

घर जैनांचं, तेव्हा जेवण दिवस मावळायच्या आत. त्यात हयगय नाही. जीप वळणावर आली की इंजिनाचा खट्-खट्, खट्-खट् असा आवाज यायचा, मध्येच एखादा ठोका चुकवून. तो कानावर पडला की बाई तवा चढवायच्या. डॉक्टर हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. कुठं म्हैस अडली आणि सूर्य बुडाला, की डॉक्टर उपाशी. आणि डॉक्टर उपाशी, तर बाईही उपाशी. शेजारी चेष्टा करायचे, ‘‘चौगुल्यांच्या जीपला हॉर्न कशाला हवा? ती गल्लीत शिरायच्या आधी भाकरी तव्यात पडत्या.’’

डॉक्टर गेले, जेवणाची वेळ मात्र रोज येत राहिली. ताट वाढून घेतलं तरी हात पुढं होईना. शेवटी बाईंनीच शक्कल काढली. रोज साडेपाचला अंगणात जायचं, जीप सुरू करायची, दहा मिनिटं तो आवाज ऐकायचा, आणि मग आत येऊन जेवायचं. माहेरी त्यांनी ट्रॅक्टर चालवलेला, गाडीची भीती अशी नव्हती. पण जीप त्यांनी एकदाही फाटकाबाहेर काढली नाही. चालू ठेवली की गाडी धडधाकट राहते, असं त्या मनाला समजवायच्या. पहिल्यांदा धूर निळा यायला लागला, नंतर काळा, आणि गेल्या आठवड्यात जीपनं साफ नकार दिला.

इलाहीनं इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘वहिनी, ही पळून न्हाई खराब झाली, उभी ऱ्हाऊन झालीया. नुसती चालू करून कोण ठेवतंय हिला?’’

‘‘कोण जाणे,’’ बाईंनी खाली बघत सांगितलं.

‘‘हाफ इंजिन करतो. रिंगा आन् बेअरिंग बदललं की दारात उभी ऱ्हायला बास हाय. आवाजबी ह्योच ऱ्हाईल. रस्त्याला काढायची असंल तर मात्र फुल. बोअर मारायचं, नवं पिस्टन, नवं व्हॉल्व्ह. धा वर्सं बघायला नको. पर मग ह्यो आवाज विसरायचा, आत्ताच सांगतो.’’

विसरायचा, म्हणे. बाई कूस बदलतात. पंखा गरगरतोय. भिंतीवरचं ऊन खुंटीपर्यंत आलंय, खुंटीवरून खाली उतरतंय, आणि वळणावरून आवाज येतो. खट्-खट्, खट्-खट्.

इंजिन इलाहीच्या टेबलावर सुटं पडलंय, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. तरीही त्या उठतात. तवा चढवायला हवा.

ओट्यावर तवा ठेवायला जागा नाही. शेगडीच्या जागी इंजिन बसलंय. पाटावर डॉक्टर बसलेत. गमबूट घातलेले, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत हात ओले.

‘‘हातावर पाणी घाल,’’ ते म्हणतात.

बाई तांब्या घेतात. पाणी पडत राहतं, तांब्या काही रिता होत नाही. विचारायचं तर इतकं आहे, आणि तोंडातून निघतं ते भलतंच.

‘‘उशीर झाला?’’

‘‘झाला की. लई झाला.’’

ओघळ मोरीकडं जातो, तिथं शेणाचा वास येतो, दावणीच्या खुंट्या दिसतात. पाचसहा जनावरं ओळीनं रवंथ करतायत. सगळ्यांत शेवटी, साखळीनं बांधलेलं, इंजिन उभं आहे. त्याच्यापुढं ताजी वैरण टाकलेली आहे.

डॉक्टर त्याच्या अंगावरून हात फिरवतात. ‘‘किती दिवस बांधून ठेवलीस हिला?’’

‘‘मी रोज घालत होते की खायला,’’ बाई घाईघाईनं म्हणतात. ‘‘रोज. न चुकता. दहा मिनिटं.’’

‘‘आणि फिरवलीस किती?’’

बाई पायानं वैरण पुढं सारतात.

‘‘बैल दावणीला बांधून नुसती पेंड चारली, तर काय होतंय? चरबी चढत्या आणि बैल बसतोय. माझ्या हाताखाली तीस वर्षं काढलीस आणि एवढं कळलं नाही?’’

ते रागावलेले नाहीत. उलट हसतायत. बाईंना मात्र रडू फुटतं. दोन वर्षं जे एवढ्या मायेनं केलं, त्यानंच गाडीचा घात केला, आणि तो कुणी बाहेरच्यानं नाही, आपणच केला. ‘‘मला जेवण जात नव्हतं हो,’’ त्या म्हणतात. ‘‘तुमचा आवाज आल्याशिवाय घास उतरत नव्हता.’’

‘‘माझा कुठला? ये इकडं.’’

डॉक्टरांच्या हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक ते इंजिनावर टेकवतात आणि मूठ बाईंच्या कानाशी दाबून धरतात. मिस्त्री लोक असंच ऐकतात. दाब चांगलाच बसतो, दुखतं. आत कुणीतरी दार वाजवतंय, थांबतंय, पुन्हा वाजवतंय.

‘‘हा व्हॉल्व्हचा दोष,’’ डॉक्टर सांगतात. ‘‘इलाही तासाभरात काढून देत होता. दोनदा नेली त्याच्याकडं आणि दोनदा तशीच माघारी आणली.’’

‘‘का पण?’’

‘‘तुला कळलं कसं असतं, मी आलोय ते? भाकरी गार मिळाली असती.’’

बाई रडता रडता हसतात. बाईंना बरं वाटतं, फार बरं वाटतं, आणि निर्णयही होऊन जातो. ‘‘मग हाफच करायला सांगते. आवाज राहील.’’

‘‘कुणासाठी?’’

गोठ्यात जनावरांचं रवंथ थांबलेलं आहे.

‘‘मी येत नाही आता, राजमती,’’ डॉक्टर म्हणतात. ‘‘गाडी आली तरी तिच्यात मी नाही.’’

‘‘मग मी जेवू कशी?’’

‘‘हातानं जेव.’’

हे असं बोलणं फक्त त्यांचंच. माणूस गेला तरी खोड गेली नाही. बाईंना त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. हात उचलतात तर हातात स्टिअरिंग आहे. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्ये डांबरी रस्ता, आणि शेजारच्या सीटवर डॉक्टर मांडीवर बॅग घेऊन बसलेत. तीस वर्षांत बाईंनी त्यांना शेजारच्या सीटवर कधी पाहिलेलं नव्हतं. इंजिन चालू आहे, पण त्याचा आवाज काही ओळखीचा नाही. एकसारखा, सपाट, कुठं ठोका चुकत नाही.

‘‘इथं उतरव,’’ ते म्हणतात. ‘‘म्हैस अडलीया.’’

उसाच्या कडेला एक पायवाट आत गेलेली आहे. घर दिसत नाही, म्हैस दिसत नाही. बाई ब्रेक दाबतात. दाबायचा नव्हता, पण पाय ऐकत नाही. रोज सकाळी फाटकात उभ्या राहून जे विचारायच्या, तेच विचारतात. ‘‘याल ना दिवस मावळायच्या आत?’’

डॉक्टर उतरतात. दार लावून घेतात, दोनदा ओढून बघतात, नीट लागलं का ते. ‘‘तू हो पुढं,’’ म्हणतात. ‘‘थांबू नकोस. नुसती चालू ठेवून तर अजिबात थांबू नकोस.’’

पायवाटेवर गमबूट दिसतात, मग फक्त ऊस हलतो. बाई गिअर टाकतात.

जाग येते तेव्हा पाच वाजून गेलेत. पंखा गरगरतोय. घर इतकं रिकामं आहे की त्यांना पुन्हा डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. पण कान ठणकतोय. त्या हात लावतात. कानाच्या पाळीपुढं, गालाच्या वरच्या हाडावर, बोटाला खळगा लागतो. त्या आरशासमोर जातात. रुपयाएवढा गोल ठसा, कडा लालसर, खोल उमटलेला. उशी साधी, मऊ. बटण नाही, गाठ नाही. हातात बांगड्या नाहीत, बोटात अंगठी नाही. बाई बराच वेळ त्या वर्तुळावरून बोट फिरवत राहतात.

मग फोन लावतात.

‘‘इलाही, फुल इंजिन करा.’’

‘‘आवाज बदलणार, वहिनी. मागनं म्हणू नका.’’

‘‘बदलू दे. आणि ऐका, रोज चालू करून ठेवणारी मीच होते.’’

‘‘ते मला पयल्या दिवशीच कळलंतं,’’ इलाही म्हणतो. ‘‘ठेवू का?’’

ऊन उंबऱ्यावर आलंय. अजून अर्धा तास तरी आहे. बाई तवा चढवतात, दोन भाकरी थापतात, आमटी गरम करतात. ताट घेऊन बसतात. वळणावरून एक सायकल जाते, एक रिक्षा जाते, मग काहीच नाही. डावा हात आपोआप कानाकडं जातो, ठसा अजून तिथंच आहे. बाई घास मोडतात आणि खातात. आमटीत मीठ कमी पडलंय. त्या उठतात, मीठ घेतात आणि पुन्हा जेवायला बसतात.