बर्फाच्या पिशवीपायी शीड गहाण

लोक दागिने गहाण टाकतात, फार तर तांब्याची भांडी. आमच्या बानं होडीचं शीड गहाण टाकलं! सन तीसच्या आसपासची गोष्ट. काशीदजवळ आमचा कोळीवाडा. धाकट्या भावाला मुदतीचा ताप चढला, पोर बरळू लागलं. मुरुडचा डॉक्टर म्हणाला, डोकं सतत थंड ठेवा, नाहीतर ताप मेंदूत जाईल. बर्फ भरायची रबरी पिशवी त्याच्याकडे होती, पण अनामत ठेवल्याशिवाय तो ती घरी नेऊ देईना. आयच्या अंगावर काळ्या मण्यांशिवाय काही उरलं नव्हतं. बानं शीड उतरवलं आणि डॉक्टरच्या ओटीवर नेऊन टाकलं.

"आवं, आता दर्यावर काय लुगडं लावून जाल?" आय कडाडली.

"पोर उठू दे, मंग बघू."

बर्फ मासळीच्या व्यापाऱ्याच्या मचव्यातून मुंबईहून यायचा, भाताच्या तुसात पुरलेला. त्यातला तुकडा आम्हाला मिळायचा. एके दिवशी मचवा आलाच नाही. सुकाणू मोडून रेवदंड्याला अडकला म्हणे. पिशवीत नुसतं कोमट पाणी डुचमळत होतं आणि भावाचं कपाळ भाजत होतं.

होडी होती, वारा होता, शीड नव्हतं! वाड्यातले बाकीचे सगळे मासेमारीला गेलेले. बा एकटाच वल्ही मारत रेवदंड्याला बर्फ आणायला निघाला. वारा चढत चालला. घरात भाऊ असा, दर्यावर बा तसा.

दुपारी मी भावाच्या कपाळाला हात लावला. गार! इतके दिवस आम्ही तेच मागत होतो, आणि आता मी हात झटकन मागं घेतला. गेला, असंच वाटलं मला. मग तो कण्हला. "पेज दे गं, भूक लागलीय." अंग घामानं निथळत होतं. ताप उतरला होता!

आयनं ऐकलं आणि ती किनाऱ्याकडेच धावली. "नको तो बरफ! मागं फिरा!" अशी समुद्राकडे बघून ओरडत राहिली. ऐकायला कोण होतं तिथं?

दिवस कलताना होडी दिसली. बा उतरला तो तळहाताची सालटी निघालेला, तुसाचं पोतं छातीशी धरून. "पोर कसं हाय?" तापभर आय एकदाही रडली नव्हती. आता तिनं तोंडात पदर कोंबला आणि हुंदक्यांत तिला बोलताच येईना. बा तिच्याकडे बघत राहिला आणि पोत्यासकट ओल्या वाळूत मटकन बसला.

मी बोंबलतच धावले, "बा, वाटीभर पेज प्यायला तो!"

त्याला ते दोनदा सांगावं लागलं.