ओठाच्या कोपऱ्यातला दाब

कुमुदताई गडनीस यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो, तो शिफारसपत्र घेऊन. कलाविद्यालयातल्या आमच्या सरांनी त्यात एकच वाक्य लिहिले होते, "मुलाच्या हाताला सफाई आहे." बडोद्याबाहेर गोत्रीला तेव्हा सोसायट्या झाल्या नव्हत्या. शेतांच्या कडेला ताईंचा पत्र्याचा स्टुडिओ होता. ताईंनी चिठ्ठी वाचली, मी बरोबर आणलेले मातीचे एक डोके फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "सफाई आहे खरी. आता माणूस कुठे आहे ते बघू." मी मनातून दुखावलो. सगळ्या बडोद्यात माझ्याइतके गुळगुळीत काम कुणाला जमत नाही, अशी त्या वयात माझी पक्की समजूत होती.

ताई यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. निम्मे बडोदे त्यांना कुमुदबेन म्हणते, निम्मे ताई. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'हृद्य आठवणी' लिहायला सांगितल्या आहेत. पण ताईंना स्तुती सोसत नाही. समोर कुणी सुरू केली की त्या उठून माती मळायला लागतात. तेव्हा मी स्तुती आवरती घेतो आणि इतकी वर्षे चारचौघांत जे बोललो नाही, ते सांगतो.

त्याआधी त्यांच्या कामाविषयी थोडे. ताईंनी घडवलेले अर्धपुतळे बडोद्यात आणि आसपासच्या गावांत, शाळांच्या ओसरीवर, वाचनालयांत, दवाखान्यांत आहेत. बहुतेक गेलेल्या माणसांचे. घरची मंडळी फोटो घेऊन येत. ताई फोटो बाजूला ठेवत आणि विचारत, "ते जिना कसा चढायचे? हाक मारली की आधी मान वळायची का डोळे?" लोक गांगरून जात. मग एखादा मुलगा उठून वडिलांसारखे चालून दाखवी आणि दाखवता दाखवता त्याला रडू फुटे. ताई त्याला रडू देत, मध्ये बोलत नसत. आम्ही विद्यार्थी दुःख दाखवायचे म्हणून भुवया आक्रसत असू, आनंद म्हणून ओठ ताणत असू. ताई ते सगळे मोडायला लावत. "भावना वरून चिकटवू नका रे. माणूस ती लपवतो कुठे, ते शोधा," असे त्यांचे सांगणे असे. आम्ही माना डोलवायचो. कळत काही नव्हते.

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मातीत हात घालून पोट भरते का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. एका रविवारी ताई आमच्या क्वार्टरवर आल्या आणि वडिलांशी तासभर कानशींबद्दल बोलत बसल्या. कुठली कानस कुठल्या धातूला, हात कसा धरायचा, वगैरे. माझे नावसुद्धा काढले नाही. त्या गेल्यावर वडील म्हणाले, "बाईंना काम कळतं. जा तू." माझे पुढचे सगळे आयुष्य त्या तासावर उभे आहे.

आता ती गोष्ट. डभोईच्या एका शाळेतले मराठी मास्तर वारले. त्यांच्या जुन्या गुजराती विद्यार्थ्यांनी शाळेत त्यांचा पुतळा बसवायचे ठरवले आणि काम ताईंकडे आले. मातीतला चेहरा पुरा झाला, तेव्हा साचा घेण्याआधी दाखवायला म्हणून ताईंनी सगळ्यांना बोलावले. विद्यार्थी खूश झाले. "साहेब तो एकदम जीवता लागे छे!" एक जण म्हणाला. मास्तरांच्या पत्नी विमलकाकू मात्र गप्प उभ्या होत्या.

"काकू, काय खटकतंय?" ताईंनी विचारले.

"काही नाही हो. छान झालंय."

"मग नजर का काढून घेतली?"

काकू घुटमळल्या. मग म्हणाल्या, "हात लावू?" आणि पुढे होऊन त्यांनी खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. "हे इथे दबायचं. राग आला की. मग तो गिळायचे आणि बोलायचे." पदराला अंगठा पुसून त्या मागे सरल्या. ताई नुसत्या "हं" म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मूर्ती ओल्या फडक्यांत गुंडाळायचे काम माझ्याकडे होते. ओठापाशी खळगा दिसत होता, त्यात अंगठ्याच्या रेघा उमटलेल्या. मला वाटले, ताईंनी काकूंचे मन राखले. आता हे नीट करणे आपले काम. मी बोट ओले केले आणि खळगा भरून टाकला. मोठ्या समाधानाने भरला, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फडके सोडले आणि स्टुलावर बसल्या.

"कुणी केलं?"

"मी. खड्डा पडला होता, ताई. पण जागा लक्षात आहे, परत दाबतो."

"तू पाहिलं होतंस का मास्तरांना?"

"नाही. मग तुम्ही करा."

ताईंनी अंगठा ओठापर्यंत नेला आणि मागे घेतला. "मीही नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "चल, डभोईला जाऊन येऊ."

बसमध्ये त्यांनी माझेही तिकीट काढले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. काकूंच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितले, "काकू, तुम्ही केलं होतं ते आमच्याकडून पुसलं गेलं. परत याल का?" मी त्यांच्या मागे चपलांकडे बघत उभा होतो. 'आमच्याकडून' हा शब्द मी ऐकला आणि त्याच्या आड लपलो.

काकू म्हणाल्या, "आता नाही जमायचं. त्या दिवशी मी त्यांना शेवटचं शिवले असं वाटलं होतं मला." आणि त्यांनी आम्हाला पाणी दिले.

ताईंनी आग्रह केला नाही. परत आल्यावर साचा घेणाऱ्या कारागिरांना त्यांनी नको म्हणून कळवले. समारंभाचा दिवस ठरलेला होता. मास्तरांचे विद्यार्थी तणतणत आले. "बेन, कार्ड तो छपाई गयां!" ताईंनी हात जोडले. "मूर्ती अपुरी आहे. चूक अमारी छे." मी कोपऱ्यात माती भिजवत होतो. माती सुकू नये म्हणून ताई रोज स्वतः फडकी ओली करत राहिल्या. हे काम सोडून द्यावे आणि वडिलांबरोबर कारखान्यात जावे, असे मी जवळजवळ ठरवले होते. ताईंना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

तीन आठवड्यांनी काकू एकट्याच बसने आल्या. आल्या आल्या विचारले, "कुणी पुसलं हो?"

या वेळी ताई बोलल्या नाहीत. डभोईला काकूंच्या दारात त्यांनी मला पाठीशी घातले होते. आता त्या बाजूला झाल्या. ते माझ्यासाठीच होते, हे मला तेव्हाही कळले.

"मी," मी म्हणालो. "मला वाटलं, बिघडलंय."

काकूंनी मला निरखले. मग म्हणाल्या, "आण हात." त्यांनी माझा अंगठा धरला, ओठाच्या कोपऱ्यावर टेकवला, वर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. माती सरकली. मी आणखी जोर दिला तशी त्यांनी माझे मनगट धरले.

"बास," त्या म्हणाल्या. "एवढाच राग यायचा त्यांना."

मी कधीही न पाहिलेले मास्तर माझ्याकडे बघत होते, माझ्यावर रागावलेले आणि राग गिळलेले. मी तिथेच रडलो. ताई मध्ये बोलल्या नाहीत.

ताईंना दीर्घ आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो. हे मी निव्वळ त्यांच्यासाठी मागत नाही. त्यात माझा स्वार्थ आहे. आता माझ्याही हाताखाली मुले शिकतात आणि चुकतात. त्यांची चूक आपली म्हणून सांगायला एखाद्याच्या दारात जावे लागते, तेव्हा माझा आवाज अजून कापतो. ताई, तो कापायचा थांबेपर्यंत तरी तुम्ही आम्हाला हव्या आहात.