पादुआचं निळं छत आणि आमची हुकलेली वेळ

इटलीला जायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते आमच्या शेठमुळे, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर साड्यांच्या डिझाइन काढते. काढते म्हणजे काय, शेठ मोबाइलवर कुणाचं तरी चित्र धाडतात आणि म्हणतात, "बेन, आमां थोडुं फेरवी आपो." मी थोडं फिरवून देते. एकदा असंच एका छताचं चित्र आलं. गर्द निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. मी त्याचा पदर केला. साडी इतकी खपली की आमच्या उधन्यातल्या हळदीच्या मांडवांत ते आकाश तेलाचे डाग मिरवत फिरायला लागलं. चित्र कुठलं म्हणून शोधलं, तर पादुआ गावातल्या एका लहानशा चॅपेलचं, शेकडो वर्षांपूर्वी ओल्या गिलाव्यावर हाताने रंगवलेलं. ज्याची नक्कल माझ्या हातून गल्लोगल्ली गेली, ते अस्सल एकदा बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

आमचे हे, म्हणजे भास्कर, लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचं म्हणणं, "भिंत देखाले इतलं दूर?" शेवटी आम्ही सुरतच्याच एका टूरबरोबर गेलो. या टूरची खासियत अशी की सुरत सोडल्याचा त्रास कुणालाच होऊ नये. सोबत स्वयंपाकाला महाराज, थेपले, खिचडी आणि दिवसभर बसमध्ये अंताक्षरी. व्हेनिसला एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी पादुआला जाते म्हटल्यावर गाइडभाई हसला. "एमां जोवानुं शुं छे, बेन? एक ओरडो छे." ओरडो म्हणजे खोली. बाकीची मंडळी पर्सच्या दुकानांत शिरली. त्यांचा ओरडा निराळा.

जायचं असेल त्यांनी नीट ऐका. तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं, त्यावर वेळ लिहिलेली असते आणि त्या वेळेच्या आधी दारात हजर राहावं लागतं. मोठी बॅग आत नेता येत नाही. व्हेनिसहून साधी लोकल पकडा, अर्ध्या तासात पोचते आणि तिकीट फार नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्या, टेबलाशी बसलात की तीच कॉफी महाग होते. हे सगळं मी महिनाभर आधी पाठ करून ठेवलं होतं. पाठ केलं नव्हतं ते नवऱ्याला.

स्टेशनवरून चॅपेल चालत जवळच. वाटेत स्कार्फांचा एक ठेला लागला आणि भास्कर थांबले. सुरतच्या माणसाला कापड दिसलं की त्याची बोटं आपोआप पुढे जातात. त्यांनी स्कार्फचा कोपरा चिमटीत चोळला, उजेडात धरला, शिवण उलटी केली. ठेलेवाला बांगलादेशचा, हिंदी बोलणारा. मग काय!

"सिल्क बोलता है? अरे ये तो अपने पांडेसरा का पॉलिएस्टर है!"

"भाईसाब, इटालियन है."

"इटालियन कहां से? किनार देख!"

मी हाताला धरून ओढलं. "अहो, वेळ होतेय!" तर म्हणे, "भोंगा झाल्यावर दहाक मिनिटं चालतंच." जगाच्या पाठीवर कुठेही जा, या माणसाला उधन्याचा लूमचा भोंगाच ऐकू येतो.

दारात पोचलो तेव्हा आमची तुकडी आत गेलेली. दारावरच्या बाईने तिकीट पाहिलं आणि मान हलवली. भास्करांना अजूनही वाटत होतं की कारखान्यासारखं पुढच्या पाळीत घेतील, फार तर दंड लावतील. ते होईना, तेव्हा त्यांनी बदली शोधायला सुरुवात केली. कारखान्यात एखादा आला नाही की त्याच्या मशीनवर दुसरा उभा राहतो, त्याला बदली म्हणतात. पुढच्या वेळेच्या रांगेतल्या गोऱ्या लोकांना हे एकेक करून विचारू लागले, "यू नो गो? माय वाइफ गो?" मी लाजेने भिंतीकडे तोंड केलं. इतक्या लांब येऊन मला दिसली ती बाहेरची विटांची भिंत. रडू येत होतं आणि नवऱ्याचा राग राग येत होता.

त्या वेळेचं तिकीट काढलेलं एक माणूस खरंच आलं नाही. दारावरच्या बाईने माझं तोंड बघितलं असावं. तिने एक बोट वर केलं. एकच.

"तू जाय," भास्कर म्हणाले. "मी आठेच बसस." आणि त्यांनी दाराबाहेर बसकण मारली.

आधी काचेच्या एका खोलीत बसवतात, बाहेरची दमट हवा चित्रांना बाधू नये म्हणून. शेजारी एक जोडपं स्वतःचेच फोटो काढत होतं, आत गेल्यावरही थांबलं नाही. मग मी वर पाहिलं. ते निळं माझ्या पडद्यावर कधी आलंच नव्हतं. मी एक चांदणी काढून कॉपी-पेस्ट केली होती. इथे प्रत्येक चांदणी कुणीतरी मान वर करून, हात दुखेपर्यंत बसवलेली, एखादी जराशी कललेली. भिंतीवर एक आई मेलेल्या मुलाच्या तोंडाशी तोंड नेऊन बसली होती. मला हुंदका आला. पाव तासात घंटा वाजली आणि सगळ्यांबरोबर मला बाहेर काढलं.

परतीच्या गाडीत भास्करांनी इतकं विचारलं की मी चिडले. निळं म्हणजे कुठलं निळं? चांदणी केवढी? आई कशी बसलेली? मी तोडून तोडून उत्तरं दिली.

सुरतला आल्यावर रविवारी शेजारचे नाना चहाला आले. भास्करांनी लगेच छत सांगायला घेतलं, चांदण्यांपासून त्या आईपर्यंत. तेही असं, की जणू शिडी लावून चढले होते. मी स्वयंपाकघरात टोमणा तयार करून बसले होते.

नानांनी विचारलं, "तू त्या खोलीना मझार गयथा का?"

"नही. ही गयथी."

"मंग इतला दूर जाईसन तू काय देखं?"

भास्कर म्हणाले, "हिले बाहेर येतांना देखं."

टोमणा तसाच ठेवून मी गॅस बारीक केला आणि चहा आणखी थोडा उकळू दिला.