उजव्या चाकाचा कलियपेरुमाळ

मासी महिन्यात वेदारण्यमला परगावची माणसं रथ बघायला येतात आणि वरच्या देवाकडे बघून हात जोडतात. खाली चाकाशी कोण वाकलाय, याची कुणाला पडलीय? मी कोपऱ्यावर इडल्या विकते, मला आधी तोच दिसतो. एवढ्या मोठ्या रथाला ना लगाम ना ब्रेक. फिरत्या चाकाखाली लाकडाची पाचर सारायची, तेव्हा कुठं तो वळतो नाहीतर थांबतो. जरा चुकलं की पाय गेलाच. उजव्या चाकाची पाचर तीस वर्षं कलियपेरुमाळची आणि डाव्याची त्याच्या अक्काच्या नवऱ्याची, तंगरासूची.

एरवी दोघं मिठागरात राबायचे. मिठाच्या लखलखाटापायी म्हणा, वयापायी म्हणा, कलियाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ते त्यानं फक्त दाजींना सांगितलं, माझ्याच बाकड्यावर बसून.

"यंदाचा रथ होऊ दे, मग ऑपरेशन करतो. आत्ता केलं तर महिनाभर वाकता यायचं नाही. कुणाला बोलू नका, दाजी."

"खुळा का काय तू? मी कशाला कुणाला सांगतोय!" तंगरासू म्हणाला. आणि उठता उठता, "आमच्या जावयाला जरा पाचर शिकव की. नुसता बसून खातो मेला."

आमचा कलिया म्हणजे भोळा सांब! मिठागराच्या बांधावर बैलगाडी ढकलायला लावून त्यानं महिनाभर त्या जावयाला शिकवलं. पाचर कुठं धरायची, टाच कधी मागं घ्यायची, सगळं. मी म्हटलं, "अरे, हातचं असं वाटत सुटतात का?" तर मलाच हसला. "घरचाच आहे, ताई."

देवळावर झेंडा चढतो त्या दिवशी पाचरींना हळद फासून ज्याच्या त्याच्या हातात देतात. कलिया नवी वेष्टी नेसून पुढं झाला. देवळाच्या कारभाऱ्यांनी उजवी पाचर उचलली आणि जावयाच्या हातात ठेवली.

"कलिया, तुझ्या डोळ्याचं कळलंय आम्हाला. तू आता आराम कर."

चारचौघांत! पुढं केलेले हात मागं घ्यायचंही त्याला सुचेना. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. कलिया तिथल्या तिथं तंगरासूवर धावून गेला. "दाजी, केसानं गळा कापलात! माझ्याच हातून त्याला शिकवून घेतलंत!" नाही नाही त्या शिव्या घातल्या त्याला. तंगरासू "मी नाही रे सांगितलं, मी नाही" म्हणत राहिला. कोण विश्वास ठेवतंय!

रथाच्या दिवशी कलिया माझ्या इडलीच्या गाडीपाशी, परगावच्या माणसांत उभा राहिला. "म्हातारबा, दोरीच्या मागं व्हा," एक पोलीस त्याच्यावर खेकसला. रथ कोपऱ्यावर आला, जावई वाकला, आणि एका झटक्यात रथ वळला. लोकांनी एकच गलका केला.

"बरोबर मारली," कलिया म्हणाला, आणि पंच्यानं तोंड पुसत बसला.

दुपारी अक्का गोड पोंगलचं भांडं घेऊन आली.

"दाजींनी पाठवलं असेल तर परत ने," कलिया म्हणाला.

"त्यांना नको रे बोलूस." अक्काला रडू फुटलं. "तुझ्या डोळ्याचं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. कारभाऱ्यांच्या कानावर मी घातलं. जावई पोरीला टाकून सिंगापूरला निघाला होता. देवाचं काम मिळालं म्हणून थांबला. काय करू मी? माझी पोर आहे रे!"

लहानपणी आई गेल्यावर हिनंच कलियाला वाढवलेलं.

"दाजींना शिव्या घालून मोकळा झालो होतो, अक्का," तो म्हणाला. "तुला आता काय घालू?"

अक्कानं भांडं उचललं आणि आली तशी घरी गेली.