पुजलेलं पोतं

आज मी जो काही आहे तो मेडशीच्या माझ्या मामांमुळे. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. मामांनी मला स्वतःकडे ठेवून पदवीपर्यंत शिकवलं. रिसोडजवळच्या बियाणं केंद्रात सोयाबीनचं बी तपासायची नोकरी लागली, तेव्हा पहिली मागणी त्यांचीच आली. "औंदा सारं वावर तुयाच बियावर."

बी फार चांगलं उगवत होतं, हेच मला खटकत होतं. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवायचो; उघडलं की जवळजवळ सगळ्यांना मोड. हमाल तर पोती उंचावरून आदळायचे. सोयाबीनचं साल नाजूक. मार लागला की दाणा उगवत नाही. मग हे उगवतंय कसं? नमुना गोदामवाले काका आणून देत. माझा संशय त्यांच्यावर गेला. एकदा मागोमाग गेलो.

काका दारातल्या पोत्याशी थांबले. हंगामातलं पहिलं पोतं, त्यावर हळदकुंकू. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि त्यातूनच दाणे काढले.

"दरवेळी यातूनच?"

"लक्ष्मीचं पोतं हाये ते. बायांकून निवडून भरलं."

"निवडून?"

"मंग काय नासकं पोतं पुजावं, साहेब?"

हमाल हसले. मी थप्पीतली खालची पोती काढायला सांगितली.

"काहून?" काका तडकले. "आमाले चोर समजून राह्यले काय?"

चोर ते नव्हतेच. पण माझा आता कशावरच विश्वास नव्हता. वरून, मधून, खालून मी स्वतः दाणे घेतले. काही दिवसांनी गोणपाट उघडलं, तर निम्मे दाणे बुळबुळीत, मेलेले. मालकांना दाखवले, भरलेली गाडी त्यांनी उतरवली. मामांची पोती मात्र आधीच मेडशीला पोचली होती, आणि पेरणी तोंडावर होती. मामांना फोनवर ऐकू येत नाही. जीपवाल्याच्या हाती दुसऱ्या थप्पीतलं, तपासणीत चांगलं ठरलेलं बी आणि ही चिठ्ठी पाठवली:

"ती. मामांस सा. नमस्कार. आधी पाठवलेलं बी पेरू नका, परत करा. आज पाठवतोय ते मी सगळ्या पोत्यांतून तपासलंय. तरी भाच्याने पाठवलं म्हणून पेरू नका. प्रत्येक पोत्यातले दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. उगवले तरच तिफण जुंपा."