घाईची साक्ष

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात मी अकरा दिवस एकच प्रार्थना करत होतो, की माझ्या मुलीने बोलावं. आणि अकराही दिवस मला एकच भीती होती, की ती बोलेल. हे आजवर फार थोड्यांना सांगितलं. आता सगळ्यांसाठी लिहितो.

मुलगी सतरा वर्षांची. लहानपणापासून तिला झटके यायचे. गोळीने ते थांबले, सलग आठ महिने एकही नाही. डॉक्टर दर खेपेला बजावत, "अजून दोन वर्षं तरी सोडायची नाही. घाई करू नका." रोज सकाळी चहाआधी ती माझ्यापुढे तळहात पसरायची आणि मी पाकिटातली गोळी काढून त्यावर ठेवायचो. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. बिघाड दिसला की पाना घ्यायचा, दुरुस्त करायचं, मोकळं व्हायचं. ही दुरुस्ती काही संपत नव्हती.

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला साक्षी होतात. पुढे भोपळे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं मांडलेली असतात, आणि एकेक जण उठून देवाने वर्षभरात आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मी कायम मागच्या बाकावरचा माणूस. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं. त्या रविवारी का कोण जाणे, उठलो आणि म्हणालो, "देवानं माझी मुलगी पूर्ण बरी केली." टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवले. मला फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी तिने सवयीने हात पुढे केला.

"आता कायले?" मी म्हणालो. "काल एवढ्या लोकांसमोर सांगतलं. गोळी घेतली तर आपला विश्वासच नाही असं होते."

"अन् डॉक्टर?"

"डॉक्टर मोठा का देव मोठा?"

ती हसली. "बाबा, तुम्ही तं पाळकसाहेबच झाले." हात मागे घेतला. "आईले सांगू फोनवर?"

"आल्यावर सांगू. खुश होईल."

तिची आई तेव्हा उमरखेडला होती, पाय मोडलेल्या आपल्या आईजवळ. ती घरी असती तर हे होऊ दिलं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच आल्यावर.

गोळी बंद केल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी मुलगी न्हाणीत पडली. एक झटका ओसरायच्या आत दुसरा. दवाखान्यात ते कसेबसे आवरले. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, पण तोंडातून शब्द नाही, आणि उजवा हात उचलेना. नजर माझ्यावरून सरकून छताकडे जायची.

बायको पहिल्याच दिवशी एसटीने धावत आली होती. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित चालू होत्या?"

"हो सर, एक दिवस चुकला नाही. हे सोता आपल्या हातानं देतात."

मी शेजारी उभा होतो. सलाइनचे थेंब मोजत राहिलो.

पाळकसाहेब येऊन गेले. म्हणाले, शांत राहा, प्रभूची वाट पाहा. मी मान हलवली, आणि ते गेल्यावर पलंगाचं चाक दुरुस्त करायला घेतलं. मग खिडकीची कडी. मग पाण्याच्या नळाचा वायसर. शेजारच्या पलंगावर पांढरकवड्याच्या एका मुसलमान बाईचा नवरा होता; तिला सगळे खाला म्हणत. अकराव्या दिवशी तिच्याने राहवलं नाही.

"ओ भाऊ, इतक्या दिवसांपासून पाहून राह्यली मी. चाक झालं, कडी झाली, आता आमच्या म्हाताऱ्यालेही पाना लावता का? बसा ना जरा पोरीजवळ. वरच्याले दिसू तं द्या, कोणासाठी मागून राह्यले ते."

मी बसलो. हातात काही नव्हतं. वाटलं होतं, स्तब्ध बसलं की देव धीर देतो. धीर आला नाही. ती सोमवारची सकाळ आली, तिचा पसरलेला तळहात आला. आणि त्यामागून एक विचार आला, की पोरगी कायमची मुकी राहिली तर कुणाला काही कळणार नाही. हा विचार माझाच होता. अकरा दिवस पाना फिरवत मी त्याच्यापासूनच पळत होतो. "देवा, उठू देऊ नको मले इथून," एवढंच म्हणता आलं.

बायको डबा घेऊन आली.

"गोळी मीच बंद केलती," मी म्हणालो. "सणाच्या दुसऱ्या दिवसापासून."

तिने डबा खाली ठेवला. "मी डॉक्टरले काय सांगतलं, आयकलं ना तुम्ही? तिथंच उभे होते."

"हो."

"मंग तोंड काहून शिवलं होतं?"

तिने बाही धरून मला वॉर्डातच डॉक्टरांपुढे नेलं आणि सगळं माझ्याच तोंडून वदवून घेतलं. खालाने मान फिरवून घेतली. बोलणं येईल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार, थांबावं लागेल.

आता तीन महिने झाले. आम्ही घरी आहोत. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. रोज सकाळी ती पाकीट माझ्यापुढे ठेवते. "तुम्हीच द्या. तुमच्याच हातानं." यापेक्षा मोठी शिक्षा तिला सुचली नसती, आणि मला दुसरी नकोही आहे.

ज्यांनी त्या रविवारी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी हे लिहिलं. माझी साक्ष मी परत घेतो. देव तिला बरं करील का, मला माहीत नाही. मुलीचा हात अजून उठत नाही, म्हणून मी गोळी तिच्या ओठांजवळ धरतो. ती आधी गोळीकडे बघते, मग माझ्याकडे, पुष्कळ वेळ. मी 'घे' म्हणत नाही. त्या वेळात देवही माझ्याजवळ बसलेला असतो, माझा विश्वास एवढाच उरला आहे, आणि तोही रोज उरतोच असं नाही.

आज चहा पार निवला. बायको दारात येऊन उभी राहिली, परत गेली. माझा हात भरून आला, तरी खाली घेतला नाही. मग मुलीने तोंड उघडलं. गोळी घेतली, पाणी घेतलं.

बोलली नाही.