बिनहळदीचं वरण

माझ्या वहिनीने वसई-विरार पाहिलं ते मयताच्या घरांतून. किल्ला राहिला, समुद्र राहिला, जीवदानीच्या पायऱ्याही राहिल्या. पहिल्यांदाच शहरात आलेली ही म्हातारी बाई कुणाच्या दारात चपलांचा ढीग दिसला की थांबायची, पदर सावरायची आणि आत जाऊन बसायची. "पत्ता कशाला इचारायचा? चपला सांगत्यात," म्हणायची.

आमच्या नात्यात तिची एक गोष्ट अजून हसत सांगितली जाते. वहिनी शहरात हरवली, ही ती गोष्ट. ती मी पसरवली आणि ती खरी नाही.

आम्ही माण तालुक्यातले. आई गेली तेव्हा मी लहान होतो. हातावर भाकरी ठेवून मला वाढवलं ते वहिनीने. पुढे मी इकडे वसईला आलो, सातिवलीच्या एका कारखान्यात लागलो, आचोळ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दादा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा वहिनी तिच्या भाच्याकडे, तानाजीकडे राहू लागली. त्याच्या पोरांची लग्नं झाली, घर अपुरं पडलं. मग एक दिवस ती गाठोडं घेऊन आमच्याकडे आली. "बगून जाते," म्हणाली. काय बघायला आली आहे, ते मला कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या पुष्पाचा सासरा वारला. ही उत्तर प्रदेशातली मंडळी, पुष्पाचा नवरा रिक्षा चालवतो. वर्षानुवर्षं एका जिन्याने जाऊन-येऊन आमची ओळख मान हलवण्यापुरतीच होती. मी खिडकीतून पाहिलं आणि पेपर उघडला.

"खाली मानूस गेलंय, आन् तुमी च्या पिताय?"

"अगं, ते परक्या मुलखातले. आपली ओळख नाही."

"मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, भावजी. का त्येंच्यात पेटती?"

"असेल त्यांच्यात काही वेगळं. त्यांना आपलं चालेल, न चालेल."

"आन् त्येंच्यात पोट नसतंया व्हय?"

तिने भाकरी थापल्या, पिठलं हाटलं आणि खाली गेली. थोड्या वेळाने पिठल्याचं पातेलं तसंच भरलेलं घेऊन परत आली. मला जरा बरंच वाटलं, सांगितलं होतं ना म्हणून. ती मात्र भलत्याच हुरूपात होती.

"हळद चालत न्हाई त्येंच्यात सुतकाला! आपल्याला काय ठावं? भाकरी ठिवून घेतल्या. सांच्याला बिनहळदीचं वरण नेते."

आणि नेलं. पुष्पाशी ती कोणत्या भाषेत बोलत होती कोण जाणे, पण दोघी बोलत होत्या. चार दिवसांत जिन्यातली माणसं मला "अम्माचे दीर" म्हणून ओळखू लागली. चाळीस वर्षांत माझी इथे तेवढीही ओळख नव्हती. कुणी हसून म्हणे, "काका, तुमच्या वहिनीला मयताचा वास येतो काय?" मी ओशाळून हसत असे. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "येऊ द्या की. लग्नाला काय, कुत्रंबी जातंय."

मग इनासची आई गेली. इनास माझा कारखान्यातला सोबती, वसईकडच्या गावातला ख्रिस्ती. मी गुडघ्याचं कारण काढून फोनवर दोन शब्द बोललो. वहिनीने ते ऐकलं. त्या रात्री अंथरूण घालताना ती म्हणाली, "भावजी, हितं ऱ्हायला जमंल मला. मानसं हैत."

मी दिवा मालवला. सकाळी ती निघाली. पुष्पाचा नवरा रिक्षाने नेणार होता. "इनासभावजींच्या आईला पोचवून येते. सांज हुईल," असं मला स्पष्ट सांगून ती गेली.

दुपारी मी तानाजीला फोन केला. "वहिनी सकाळपासून सापडत नाही. हे शहर तिला झेपणार नाही बाबा. येऊन घेऊन जा."

सुमन, माझी पत्नी, तेव्हा घरात नव्हती. पुढे नातेवाइकांनी दोष तिलाच दिला, जाऊबाईला ठेवून घेतलं नाही म्हणून. तिने कधी तसं सुचवलंही नव्हतं. जागा लहान होती हे खरं, पण वहिनी नको होती ती मला.

दिवेलागणीला वहिनी परतली. शवपेटीभोवती बायका कशा गात होत्या, मातीला जाताना सगळं गाव कसं पायी निघालं, ते सांगत बसली. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तानाजी धापा टाकत जिना चढला.

"आत्ती, हरवलीस व्हय गं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहू लागलो.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "हरवले हुते."

तिने गाठोडं बांधलं. निघताना दारात एवढंच म्हणाली, "पुष्पाच्या सासऱ्याच्या तेराव्याचं बोलावनं हाय मला. मी न्हाई, तर तुमी तरी जावा."

मी गेलो नाही.

यंदा वहिनी गेली. आम्ही गावाहून माती देऊन परतलो, सुमन चहाचं आधण ठेवायला उठली, तोच बेल वाजली. दारात पुष्पा होती, हातात डबा. मागून इनास कठडा धरत जिना चढत होता. पुष्पाने त्याला कळवलं होतं.

"चाचीजी, गैस मत जलाइए आज," पुष्पा म्हणाली आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. पिवळं वरण होतं. "हल्दी डाली है। अम्मा ने बताया था, आप लोगों में चलती है।"

सुमनने मला ताट वाढलं. इनास समोर बसला होता. म्हणाला, "त्या परत आल्याच नाहीत रे. आमच्या घरी अजून विचारतात. शहर आवडलं नाही का त्यांना?"

"आवडलं होतं," मी म्हणालो. "ती इथेच राहणार होती. तिच्या भाच्याला, तानाजीला, ती हरवली असं खोटं सांगून मीच तिला परत पाठवलं."

सुमनच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. इनासने ताट माझ्याकडे सरकवलं.

"जेव," तो म्हणाला. "आणि तानाजीला सांग."